दुसरं तोंड

घुमटाला दोन तोंडं असतात.
एकावर कातडं. दुसरं उघडं,
त्याच्यावर डावा तळवा झाकत-सोडत राहायचा,
झेपेल तेवढंच बोलू द्यायचं.
हे मला झिलूकाकानं शिकवलं, मयेच्या घरी, सातवीत.

मग मी तारवटी झालो.
अकरा वर्षं बोटीच्या पोटात, लाँड्रीत.
वर डेकवर संगीत, खाली ड्रायर.

हवानाला दोन दिवस थांबलो तेव्हा
किचनमधला लासारो मला खाडीपलीकडे घेऊन गेला.
होडी अगदी बेतीच्या फेरीसारखी:
सायकली, भाजीच्या पिशव्या, पाय बांधलेला एक कोंबडा.
गावाचं नाव रेग्ला.
मावशीच्या घरात खुर्च्या भिंतीला सरकवलेल्या,
दाराआड जमिनीवर दगड, त्याला कवड्यांचे डोळे,
पुढ्यात चिरूट आणि रमचा घोट.
"हा वाटा उघडतो," लासारो म्हणाला. "आधी याला."
मी हसलो नाही.
आमच्या शिमेवर रोटी, विडी, सोरो मागणारा,
कांबळ पांघरलेला,
ज्याच्या काठीचा आवाज सगळ्या वाड्यानं ऐकलाय,
तो इथे कधी आला, एवढंच विचारायचं होतं.
भाषा पुरली नाही.

तीन ढोल, मांडीवर आडवे.
सर्वांत मोठ्याला म्हणतात आई.
आई विचारते, मधला उत्तर देतो,
धाकटा एकच शब्द धरून बसतो, हट्टी पोरासारखा.
कोपऱ्यात एक नर्स होती, ड्युटीच्याच कपड्यांत.
आधी तिची चप्पल सुटली. मग डोळे वर गेले.
दोघींनी धरलं. कुणी ओरडलं नाही.
मला देवळातला अवसर आठवला,
आणि ढोल कसा एकदम बदलतो,
दार उघडल्यावर पाहुणा कोण ते कळून
घरच्यांचा आवाज बदलावा तसा.

नवा ढोल मुका जन्मतो, लासारोनं सांगितलं.
त्याला जुन्याजवळ बसवतात. जुना वाजतो,
नवा ऐकतो. मग कधीतरी बोलतो.
बोटीत बांधून आणलेल्यांकडे दुसरं सामान नव्हतं,
ऐकलेलं तेवढं होतं.

बोटी आमच्याकडेही आल्या होत्या.
वडाखाली, देवचाराच्या डाव्या अंगाला
एक काळा धोंडा आहे, त्याला आम्ही खापरी म्हणतो.
कुठल्या किनाऱ्यावरचा, कुणाच्या घरी पाणी भरायचा,
त्याचा ढोल मांडीवर असे की खांद्यावर,
काही ठाऊक नाही.
पाव ठेवतो, विडी पेटवून ठेवतो, मागे न बघता निघतो.
या खेपेला मी पावाशेजारी जरा बसलो.
बसणं उगाच वाटलं. उठलो.

घरी काकाचं बकऱ्याच्या कातड्याशी भांडण चाललेलं.
घोरपडीचं आता चालत नाही. कायदा आहे, बरोबरच आहे,
काकाही म्हणतो बरोबरच आहे,
आणि थुंकी लावून अंगठा फिरवतो, कान देतो:
"हें उलयना रे. हें खोंकता."
जुनं घुमट माळ्यावर, कातडं फाटलेलं, काठाला चीर.
मी रेग्लाची गोष्ट सांगितली.
काकानं चहा संपवला.
"फाटलेलं कितें शिकयतलें?"

चवथीच्या आदल्या रात्री लघवीला उठलो
तर ओसरीवर दिवा.
जुनं आणि नवं, आडवी ठेवलेली,
उघडं तोंड उघड्या तोंडाला लावून,
आणि काकाची बोटं जुन्याच्या नुसत्या मातीवर,
शेजार जागा होऊ नये इतकी हळू.

आरतीला नवं घुमट वाजलं.
खोकलं की बोललं, मला नक्की सांगता येणार नाही,
शामेळ जोरात होतं, भाच्यानं कासाळं भलतीकडेच आपटलं.
काकानं डावा तळवा मात्र
दुसऱ्या तोंडावरून
पुरता उचलला होता.